आमचे मोरे जावळीचे असतील का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला होते, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले आणि आडनाव मोरे. घरात पूर्वापार असे सांगतात की आपण जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांपैकी. जावळी पडली तेव्हा त्या घराण्यातला एक भाऊ घाट उतरून कोकणात आला आणि ओळख लपवून एका खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, गावात कूळ म्हणून राहिला. या कथेचा माग काढत आपण दोन वर्षे कागद चाळले, तेव्हा हाती लागले ते पणजोबा आणि खापरपणजोबा, आणि दोघेही कागदावर कूळ किंवा मजूर एवढेच. सरदार कुठेच दिसत नाही. आता थांबावे, की जावळीपर्यंत पोचण्याचा आणखी काही मार्ग आहे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी गेली तीस वर्षे मोडी कागद वाचून लोकांच्या वंशावळी जुळवून देत आलो आहे आणि हाच प्रश्न मला दरवर्षी पाच-दहा जण विचारतात. आडनाव तेवढे बदलते. शिंदे असतील तर ग्वाल्हेर, जाधव असतील तर सिंदखेड, निंबाळकर असतील तर फलटण आणि मोरे असतील तर जावळी. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना आपल्या मनात उगाच आशा-निराशेचा खेळ चालणार नाही. आपल्या घरातली कथा खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण ती कागदाने सिद्ध होण्याचा संभव फार थोडा आहे. आणि जो काही थोडा संभव आहे तो जावळीकडून खाली उतरून हाती येणारा नाही, खापरपणजोबांच्या पायरीवरून एकेक पायरी वर चढूनच येणारा आहे.

प्रथम कथेकडे पाहू. ‘चंद्रराव’ हे एका माणसाचे नाव नव्हते. विजापूरच्या आदिलशाहीने जावळीच्या मोरे घराण्याच्या प्रमुखाला दिलेला तो किताब होता, आणि जो गादीवर बसेल तो चंद्रराव होत असे. म्हणून ‘चंद्ररावांचे वंशज’ म्हणताना कोणत्या चंद्ररावांचे, हा पहिला प्रश्न पडतो. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. मोऱ्यांनी पुढे ज्या रायरीचा आश्रय घेतला तीही त्याच वर्षी महाराजांच्या हाती आली आणि पुढे तिचाच रायगड झाला. एवढ्या घडामोडीत त्या घराण्यातली काही माणसे घाटाखाली उतरली असतील, यात अशक्य काही नाही, कारण जावळीच्या खोऱ्यातून महाड, पोलादपूर आणि खेडच्या बाजूला उतरणाऱ्या वाटा त्या मुलखातल्या माणसांच्या रोजच्या पायाखालच्या होत्या. परंतु ओळख लपवून राहिलेल्या माणसाचे आडनाव मात्र साडेतीनशे वर्षे शाबूत राहिले, ही विसंगती आपल्याही लक्षात आली असेल. पळून आलेला पूर्वज, लपवलेली ओळख आणि गेलेले वैभव ही तिन्ही मी इतक्या घरांच्या कथांत एकत्र पाहिली आहेत की ती दिसताच मी सावध होतो. घराण्याची कथा बहुधा एखाद्या खऱ्या स्थलांतराभोवती जमते, पण तिच्यावरचे साज नंतरच्या पिढ्या चढवतात.

दुसरी अडचण आडनावाची, आणि हीच सगळ्यात मोठी फसगत आहे. मोरे हे आडनाव मराठा, कुणबी, माळी, महार, चर्मकार अशा अनेक समाजांत आहे. एखाद्या बलाढ्य घराण्याच्या मुलखात राहणाऱ्या, त्याची चाकरी करणाऱ्या किंवा त्याच्या वतनी गावात बलुते करणाऱ्या माणसांकडेही ते नाव गेलेले असते, आणि काही ठिकाणी तर शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे लिहिले तेच आडनाव झाले. आडनाव किती लवकर बदलते याची आपल्या सगळ्यांना माहीत असलेली उदाहरणे पाहावीत. महात्मा फुल्यांचे घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे आणि मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याचा व्यवसाय आला आणि एकदोन पिढ्यांत ते फुले झाले. डॉ. आंबेडकरांच्या वडिलांचे आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि शाळेत आंबेडकर, हे सगळे एका पिढीत घडले. कान्होजी आंग्र्यांचे घराणे मूळचे संकपाळ, अंगरवाडीवरून आंग्रे झाले. होळ गावचे मल्हारराव होळकर झाले. म्हणजे नाव सारखे असून रक्त वेगळे असू शकते, आणि नाव वेगळे असून रक्त एक असू शकते. मोऱ्यांचे देवक म्हणून मोराचे पीस सांगतात आणि आपल्या घरीही लग्नात तेच पुजले जात असेल. परंतु देवक सारखे असण्याचा अर्थ आपापसांत सोयरीक होत नाही एवढाच. त्यावरून अमुक एका माणसापासून आपण झालो, असे ठरत नाही.

येथे थोडा हिशोबही करावा. एका पिढीला तीसएक वर्षे धरली तर आपल्यापासून १६५६ पर्यंत साधारण बारा पिढ्या होतात. दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ, सोळा असे दुपटीने मोजत गेलो तर बाराव्या पिढीत ४,०९६ पूर्वजांच्या जागा येतात. एकाच पंचक्रोशीत आणि एकाच जातीत पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत आल्यामुळे त्यातल्या पुष्कळ जागांवर तीच तीच माणसे पुन्हा येतील, म्हणून प्रत्यक्षातली माणसे कितीतरी कमी असतील; तरीही ती शेकड्यांनी असतील. या सगळ्यांतून ‘मोरे’ हे नाव वाहून आणणारा पुरुष एकच. आपण दोन वर्षे जो शोध केला तो या एकाच धाग्याचा. उरलेल्या जागांवर कोण होते, एखाद्या गडाचा नाईक होता, एखाद्या देवळाचा गुरव होता की एखादा पाटील, याचा आपण अद्याप विचारही केलेला नाही. आणि नामांकित पूर्वज सापडण्याची शक्यता असलीच तर ती नावाच्या धाग्यापेक्षा आज्या-पणज्यांच्या माहेरांकडे जास्त आहे.

आता कागदांकडे येतो. आपण लिहिता की पणजोबा आणि खापरपणजोबा ‘कूळ किंवा मजूर एवढेच’ सापडले. ‘एवढेच’ हा शब्द मला पटत नाही, कारण खोती मुलखातले कूळ हे वंशावळ काढणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते. रत्नागिरी जिल्ह्यात खोत आणि कुळे यांचे तंटे एकोणिसाव्या शतकात इतके वाढले की १८८० मध्ये सरकारला खोती सेटलमेंटचा कायदा करावा लागला. त्या कायद्यात १८४५ सालापासून सलग जमीन कसत आलेल्या कुळांना कायम कुळाचा हक्क मान्य केला होता. याचा आपल्यासाठी अर्थ असा की सेटलमेंटच्या वेळी गावोगाव जी बोटखते, म्हणजे जमीन आणि तिच्यावरचे हक्क नोंदलेली पत्रके, तयार झाली, त्यांत आपल्या घराची नोंद कायम कूळ म्हणून असेल, तर आपले घर १८४५ साली त्याच गावात तीच जमीन कसत होते याला सरकारी आधार मिळतो. खापरपणजोबांचा जन्म १८५० च्या आसपासचा धरला तर ही नोंद त्यांच्या वडिलांची किंवा आजोबांची कहाणी सांगते. ज्या घराण्याला कागदावर किताब नाही त्याला १८४५ चा पुरावा मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. घाटावरच्या कित्येक पाटील घराण्यांनाही इतका सलग आधार देता येत नाही.

बोटखत तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मिळते आणि पुष्कळदा मोडीत असते. ते काढताना गावाचे जुने नाव आणि वाडीचे नाव दोन्ही सांगावे, कारण आज स्वतंत्र महसुली गाव असलेली वाडी तेव्हा दुसऱ्या गावात मोडत असे. त्याच फेरीत गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचे रजिस्टर, मागून घ्यावे. अलीकडे २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या या रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली. त्यामुळे आज अभिलेख कक्षात ‘नमुना चौदा’ म्हटले की कारकून प्रश्नार्थक पाहत नाहीत, हा आपला फायदा. या रजिस्टरांत मुलाचे नाव बहुधा नसते, कारण बारसे व्हायच्या आधी नोंद झालेली असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच, बापाचे नाव, जात आणि तारीख. मृत्यूच्या नोंदी मात्र वाचताना मन जड होते. प्लेगच्या आणि १९१८ च्या तापाच्या वर्षांत एकाच घरातली तीन तीन नावे आठवड्याच्या अंतराने लागलेली मी पाहिली आहेत, आणि एखादे घर गाव सोडून मुंबईला का गेले याचे कारण तिथे सापडते.

यापेक्षाही मी आपल्याला आग्रहाने सुचवीन ते कूळ कायद्याचे दप्तर. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले आणि किंमत ठरवण्यासाठी कलम ३२-ग खाली चौकशा झाल्या. त्या चौकशांत कुळाचे जबाब घेतले गेले. ‘ही जमीन माझा बाप कसत होता, त्याच्या आधी त्याचा बाप कसत होता, खोताला अमुक मण भात देत होतो’ अशा धर्तीची वाक्ये, खाली अंगठ्याचा ठसा आणि ठसा ओळखणाऱ्याची सही. सरदाराबद्दल दुसऱ्यांनी पुष्कळ लिहिलेले असते, पण कुळाचे स्वतःचे बोलणे कागदावर उतरलेले आपल्याला फक्त अशाच जागी भेटते. आपले आजोबा गिरणीत असले तरी गावचा भाऊ जमीन कसत असणार, आणि त्या जबाबात मुंबईला असलेल्या भावाचा उल्लेख येण्याचा संभव मोठा आहे.

नावे जुळवताना एक सावधगिरी मात्र डोळ्यांत तेल घालून ठेवावी लागते. आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे सखाराम बिन गोविंद (म्हणजे गोविंदाचा मुलगा सखाराम), गोविंद बिन सखाराम, पुन्हा सखाराम बिन गोविंद अशी नावांची फिरकी चालू राहते. उमेदवारीच्या काळात मी एका कुटुंबाची वंशावळ करताना सहा दशकांच्या अंतराने झालेल्या दोन गोविंदांना एकच समजलो आणि मधल्या दोन पिढ्या गिळून टाकल्या. घरातल्या एका वृद्ध बाईंनी ‘हा गोविंद तर देवीने लहानपणीच गेला’ असे सांगितले तेव्हा माझा घोळ उघड झाला. तेव्हापासून मी नावाबरोबर जमिनीचा नंबर, भावाचे नाव आणि गहाण घेणाऱ्याचे नाव अशा तीन खुणा जुळल्याशिवाय दोन नोंदी एका माणसाच्या मानत नाही. तारखांचेही असेच. जुन्या कागदांत शके, फसली आणि शुहूर असे तिन्ही सन येतात. फसली १२६० म्हणजे इसवी सन १८५०-५१, पण तोच आकडा शुहूर सनाचा असेल तर १८५९-६०. नऊ वर्षांच्या या फरकाने बाप मुलापेक्षा धाकटा होतो.

आता ज्या धाग्याकडे आपण पाहिलेले नाही त्याबद्दल. कागदात बाई येते ती ‘कोम’ म्हणून, म्हणजे अमक्याची बायको. तिचे माहेर क्वचितच लिहिलेले असते. तरीही वाटा आहेत. फेरफार नोंदीत बाप मेल्यावर मुले लहान असतील तर ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून कोणाचे तरी नाव लागते. बहुधा आई असते किंवा चुलता, पण भावकीत तंटा असेल तर मामा असतो, आणि मामाच्या नावाबरोबर त्याचे आडनाव आणि गाव आले की पणजीचे माहेर उघडते. माझ्या अनुभवात सर्वांत आश्चर्यकारक दुवे अशा एका ओळीतूनच निघाले आहेत. हक्क नोंदणी विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, त्यामुळे खापरपणजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद आपल्याला मिळायला हवी. ती मिळाली नसेल, तर सातबाऱ्यावरच्या आजच्या गटापासून मागे जाताना जुन्या-नव्या नंबरांचा मेळ दाखवणारे कडईपत्रक किंवा आकारफोड पत्रक न पाहिल्यामुळे दुवा तुटला असेल.

कागद नसलेला पण तितकाच भरवशाचा पुरावा सुतकाचा. गावात कोणत्या घरचे दहा दिवसांचे सुतक आपण पाळतो आणि कोणाचे तीन दिवसांचे, हे जुन्या माणसांना पाठ असते. शास्त्राप्रमाणे दहा दिवसांचे सुतक सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदांचे आणि तीन दिवसांचे त्यापलीकडचे. व्यवहारात हा हिशोब अगदी काटेकोर नसतो, पण कोण जवळचे आणि कोण दूरचे हे त्यावरून कळते. दहा दिवसांचे सुतक पाळणारी घरे जर खेड तालुक्यातच दोनचार गावांत पसरली असतील आणि घाटावर एकही नसेल, तर आपले घर कोकणात फार जुने आहे. उलट घाटावरच्या एखाद्या गावच्या मोऱ्यांकडून निरोप येत असेल, तर ते गाव शोधाचे पुढचे ठाणे. शिमग्याच्या पालखीतला मानही तसाच पाहावा: पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणत्या घराचा, गाऱ्हाणे कोण घालतो. या मानांवरून कोर्टात गेलेले गाव कोकणात थोडे नाहीत आणि त्या दाव्यांच्या कागदांत पक्षकारांनी आपापली वंशावळ सादर केलेली असते. अर्थात ती जिंकण्यासाठी सादर केलेली असते, हे विसरू नये. मुंबईतल्या आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या आणि गावकीच्या खोलीचे हिशोब कोणाकडे पडून असतील तर तेही पाहावेत. गिरणगावात खोलीवर कोण कोण राहत होते यावरून भावकी जशी कळते तशी सातबाऱ्यावरून कळत नाही.

हे सगळे केल्यावर आपण १८४५ पर्यंत, नशीब चांगले असेल तर १८१८ पर्यंत पोचाल. तेथून १६५६ पर्यंत दीडशेहून अधिक वर्षांची दरी उरते आणि ती ओलांडायला पूल फक्त वतनदारांसाठी बांधलेले आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके, आंग्रे, जमाव असे त्याचे भाग पाडलेले आहेत. यांत माणसाचे नाव येते ते त्याच्याकडे इनाम, वतन, नेमणूक किंवा तंटा असला तर. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने मुंबई इलाख्यातल्या इनामांची झडती घेतली तेव्हा ज्याच्याकडे ताम्रपट, सनद किंवा नुसती चिठ्ठी होती त्याने ती पुढे केली. आपल्या गावच्या मोऱ्यांनी तेव्हा काही पुढे केल्याचे दिसले नाही, तर या मौनातूनही काही कळते: एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घरात दाखवण्याजोगा कागद किंवा मागण्याजोगे वतन नव्हते. कागद जळाला, वाळवीने खाल्ला, पुरात गेला असे प्रत्येक घरात सांगतात. काहींचा खरोखरच जळालेला असतो.

तरीही पेशवे दप्तरात आपल्यासाठी एक जागा मी राखून ठेवीन. खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असे तीन किल्ले एकाच डोंगररांगेत आहेत. किल्ला म्हटला की शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, आली, शिबंदी म्हटली की हिशोब आला, आणि अशा हिशोबांत नाईक-प्याद्यांची नावे येतात. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांची मुले अशा गडांवर चाकरीला असत. आपल्या घराण्यातला माणूस चंद्रराव असण्यापेक्षा रसाळगडावरचा प्यादा असण्याचा संभव शेकडो पटींनी अधिक आहे. त्याला मोहरा मिळाल्या नसतील, पण त्याच्या नावापुढे महिन्याचा शेरा असेल. त्याच न्यायाने इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या पलटणींना शिपाई पुरवत होता आणि दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर राहत होते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांतल्या काही अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. अनेक गावांत किती माणसे त्या महायुद्धाला गेली हे सांगणारी दगडी पाटी आहे. पाटीवर आकडा असतो, नावे नसतात. पण मेलेल्यांची नावे युद्धस्मारकांच्या नोंदीत बापाच्या आणि गावाच्या नावासह सापडू शकतात. आपल्या गावात अशी पाटी असेल तर पणजोबांच्या भावांचा शोध तिथून घ्यावा. एखादा भाऊ ‘परदेशी गेला तो आलाच नाही’ अशी आठवण असेल तर मॉरिशसही मनात असू द्यावे, कारण रत्नागिरीकडून तिकडे करारावर गेलेल्यांची कुटुंबे आजही तिथे मराठी म्हणवतात आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी जपलेल्या आहेत.

नामांकित घराण्याशी साध्या घराचे नाते जुळते त्याची एक वाट लोक बोलून दाखवत नाहीत, ती मी सांगतो, कारण ती मला कागदांत पुन्हा पुन्हा दिसली आहे. सरदारांच्या वाड्यांत दासी, बटकी असत, त्यांना मुले होत, आणि त्या मुलांना लेकावळे म्हणून वेगळी जमीन देऊन वेगळ्या गावी बसवले जाई. अशा शाखा पुढे साध्या शेतकऱ्यांत मिसळून गेल्या. तेव्हा आपण शोधता तो सरदार जर खरोखरच सापडला, तर त्याच्याबरोबर अशी एक आजीही सापडेल की जिचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांना फक्त सरदार हवा असतो ते या पानापाशी वही मिटतात. आपण मिटणार असाल तर आत्ताच सांगावे, म्हणजे त्या दिशेला श्रम घालवायला नकोत.

विकतच्या वंशावळीबद्दल आपण विचारले नाही, पण विचाराल म्हणून लिहितो. आपल्या आडनावाच्या लोकांकडे जाऊन ‘मोरे म्हणजे मौर्य’ असे सांगत चंद्रगुप्तापासूनचा तक्ता रंगीत कागदावर करून देणारे लोक आहेत. मौर्यांची सत्ता इसवी सनापूर्वी १८५ च्या सुमारास संपली आणि जावळीचे मोरे कागदांत दिसू लागतात ते त्यानंतर सतराशे वर्षांनी. मधल्या काळात नुसत्या ध्वनिसाम्याचा दोर आहे, त्यावर कोणी चढू नये. मोऱ्यांची म्हणून एक बखरही सांगतात. तीतला मजकूर समकालीन पत्रांशी ताडून पाहिल्याशिवाय वंशावळीत घेऊ नये. आणि ‘येता जावळी, जाता गोवळी’ हे मोऱ्यांच्या तोंडी घातलेले प्रसिद्ध वाक्य कितीही आवडले तरी ते आपल्या खापरपणजोबांच्या बाजूने साक्ष देत नाही. भाट, हेळवी अशा घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांच्या वह्यांबद्दल माझे मत इतके कठोर नाही. हेळव्यांची परंपरा कोल्हापूर, सांगलीकडची, ती आपल्याला उपयोगी पडणार नाही. पण त्र्यंबकेश्वर, नाशिक आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहाव्यात. तिथे मुंबईचा पत्ता सांगू नये, मूळ गाव आणि तालुका सांगावा, कारण वह्या गावावर लावलेल्या असतात. गरीब कुळाला त्र्यंबकेश्वर परवडत नसे, पण एखाद्याने आषाढीला जाऊन नाव घातलेले असते आणि त्या एका नोंदीत बाप, भाऊ, चुलते असे आठ-दहा जण येतात.

रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीने हे सुटेल का, हा प्रश्न अलीकडे सगळेच विचारतात. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राच्या चाचणीने दोन मोरे पुरुषांचा पूर्वज एक आहे का हे बऱ्यापैकी सांगता येते. पण त्यासाठी दुसऱ्या बाजूला ज्याची जावळीपासूनची वंशावळ कागदाने पक्की आहे असा मोरे उभा करावा लागतो. तसा सापडला तर मला कळवा. नुसते टक्केवारीचे रंगीत नकाशे देणाऱ्या चाचण्यांवर या प्रश्नासाठी पैसे घालवू नयेत.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी ३२-ग चे जबाब, कारण ते दप्तर तालुक्यालाच आहे आणि वाचायला मोडी लागत नाही. मग वारसाचे फेरफार, त्यातले ‘अ. पा. क.’, आणि त्यानंतर बोटखत. बोटखताची छायाप्रत मिळाली तर मला पाठवावी. मी ती वाचून देईन आणि त्यात आपले घर कायम कूळ आहे की साधे, हे सांगेन. कायम कूळ निघाले तर पावसाळ्यानंतर आपण शिबंदीच्या हिशोबांकडे वळू. साधे कूळ निघाले तर घर गावात १८४५ नंतर आले असण्याचा विचार करावा लागेल आणि शोध शेजारच्या गावांत न्यावा लागेल. या सगळ्याच्या आधी एक काम मात्र घरातच आहे. आपल्या थोरल्या आत्या नव्वदीला टेकल्या आहेत असे आपण लिहिले आहे. त्यांना जावळीबद्दल काही विचारू नका, ती कथा आपल्याला पाठ आहेच. त्यांच्या आजीचे माहेर कोणते, आणि गावात कोणाकोणाच्या घरचे दहा दिवसांचे सुतक आपल्याला लागत असे, एवढे विचारा, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून घ्या.